वकिलाशिवाय ग्राहक आयोगात तक्रार: कागद जुळवण्यापासून वसुलीपर्यंत

जिल्हा ग्राहक आयोगात स्वतःची तक्रार स्वतः लिहिता येते, दाखल करता येते आणि शेवटपर्यंत चालवता येते. वकील लावण्याची सक्ती नाही. तुम्ही मराठीत लिहिलेली तक्रार चालते, आणि व्यवहाराची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायची फी शून्य आहे. तरीही तीस-चाळीस हजारांवर पाणी सोडणारी माणसे रोज भेटतात. कारण विचारले की एकच उत्तर येते, ‘वकिलालाच तेवढे जातील.’ हे नुकसान टाळता येते. त्यासाठी एकच गोष्ट मनाशी पक्की धरा. इथे निकाल भाषणावर लागत नाही, कागदांवर लागतो. तुम्ही उभे राहून काय बोललात यापेक्षा दाखल करताना काय जोडले होते, याला कितीतरी जास्त किंमत आहे.

सगळे एका उदाहरणावर पाहू. साताऱ्यात राहणाऱ्या एका बाईंनी पुण्यातल्या दुकानातून मॉड्युलर किचन करून घेतले. ठरलेली रक्कम १,८५,०००. कोटेशनमध्ये कॅबिनेट आयएस ७१० दर्जाच्या, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायची लिहिली होती. १४ मार्च २०२५ ला काम बसले. जुलैत सिंकखालची दोन्ही दारे फुगली, बिजागऱ्या निसटल्या. कडेचा लॅमिनेट सोलला तर आत थर नाहीतच, नुसता दाबलेला तपकिरी भुसा. म्हणजे एमडीएफ. दुकानदार आधी ‘माणूस पाठवतो’ म्हणाला, मग फोन घेईनासा झाला.

प्रकरण आयोगात बसते का?

तुम्ही पैसे देऊन वस्तू किंवा सेवा घेतली, ती स्वतःच्या वापरासाठी होती आणि तिच्यात दोष किंवा त्रुटी निघाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही ग्राहक आहात. धंद्यासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. मात्र स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेले शिलाई मशीन किंवा रिक्षा बसते. तक्रारीत हे स्पष्ट लिहावे लागते, नाहीतर समोरचा पहिला आक्षेप तिथेच घेतो. मित्राला दिलेले हातउसने पैसे इथे मागता येत नाहीत, त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे. मुंबईतले घरमालक-भाडेकरूंचे वाद लघुवाद न्यायालयात जातात. वकिलाच्या सेवेबद्दलची तक्रारही आता ग्राहक आयोगात चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये तसा निर्णय दिला आहे.

जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची आहे आणि ती तुम्ही प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर मोजतात. भरपाई किती मागितली याचा तिच्याशी संबंध नाही. फीसुद्धा त्याच रकमेवर ठरते: ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १,०००. ती ऑनलाइन भरता येते, किंवा आयोगाच्या अध्यक्षांच्या नावे डिमांड ड्राफ्टने देता येते.

कुठल्या जिल्ह्यात दाखल करायची, हा या कायद्याने ग्राहकाच्या बाजूने केलेला मोठा बदल. दुकान पुण्याचे असले तरी तक्रारदार साताऱ्यात राहते, म्हणून तक्रार साताऱ्यात चालते. पुण्याला खेटे घालायची गरज नाही. राहण्याचा पुरावा म्हणून आधार कार्ड किंवा वीजबिल जोडा. कागदावर जुना पत्ता असेल तर सध्याच्या जागेचा भाडेकरार लावा, नाहीतर हद्दीचा मुद्दा उगाच उकरला जातो. मुंबईत एकापेक्षा जास्त जिल्हा आयोग आहेत, तिथे आपला भाग कोणाच्या हद्दीत येतो ते आधी पाहा. गोव्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन आहेत.

दोन वर्षांची मुदत आणि तिच्याबद्दलचा गैरसमज

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करावी लागते. सर्वांत जास्त चांगली प्रकरणे याच एका गोष्टीवर बुडतात. लोकांना वाटते की शेवटचे पत्र पाठवल्यापासून दोन वर्षे मोजायची. तसे नाही. नोटीस पाठवल्याने, ईमेल केल्याने, कस्टमर केअरने नवा तक्रार क्रमांक दिल्याने मुदत वाढत नाही. वरच्या उदाहरणात दोष जुलैत कळला, म्हणून मुदत जुलैपासून असे म्हणता येईल, पण तो वादाचा मुद्दा झाला. सुरक्षित हिशेब काम बसल्याच्या तारखेपासून धरा, म्हणजे १३ मार्च २०२७ च्या आत तक्रार आयोगात गेली पाहिजे. उशीर झालाच असेल तर तक्रारीबरोबर विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि शपथपत्र द्या. त्यात उशिराचे दिवस मोजून लिहा, आणि आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा. ‘घरगुती अडचणींमुळे’ एवढ्यावर माफी मिळत नाही.

सामनेवाला नेमका कोण?

सामनेवाला म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो. पाटीवर लिहिलेले दुकानाचे नाव म्हणजे कायद्यातली व्यक्ती नव्हे. बिलावरचा पंधरा अंकी जीएसटी क्रमांक घ्या आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाका. दुकानाचे व्यापारी नाव आणि त्यामागचे कायदेशीर नाव दोन्ही दिसतात. एकाच मालकाचे दुकान असेल तर ‘अमुक इंटिरिअर्स, तर्फे प्रोप्रायटर’ असे लिहून त्या माणसाचे पूर्ण नाव घाला. भागीदारी असेल तर फर्म आणि भागीदार, कंपनी असेल तर नोंदणीकृत नाव आणि कार्यालय. ऑनलाइन खरेदीत विक्रेता आणि ज्या मंचावरून घेतले तो मंच, दोघांनाही सामनेवाले करा. टीव्ही-फ्रिजसारख्या वस्तूला दुकानदाराबरोबर उत्पादक कंपनीही हवी, कारण वॉरंटी कंपनीची असते आणि दुकानदार तेच म्हणून हात झटकतो.

नाव चुकले तर निकाल जिंकूनही वसुली अडते. पत्ता चुकला तर नोटीस परत येते आणि एकेक तारीख वाया जाते. पिनकोडसकट पत्ता लिहा, ईमेल आणि मोबाइल क्रमांकही द्या, कारण नोटीस इलेक्ट्रॉनिक मार्गानेही बजावता येते.

पुरावा: इथे घाई करू नका

कोटेशन, बिल, पैसे दिल्याचे दाखले, वॉरंटी कार्ड, संदेश आणि फोटो, हा गाभा. यात दोन ठिकाणी हमखास खड्डा असतो.

पहिला खड्डा बिलाचा. बिलावर नुसते ‘मॉड्युलर किचन, १ नग’ असते, दर्जाचा उल्लेख नसतो. मग दर्जा ठरला होता हे दाखवणारा कागद एकच उरतो, तो म्हणजे कोटेशन. त्यावर तारीख आणि दुकानाचा शिक्का किंवा सही आहे का पाहा. नसेल आणि ते व्हॉट्सॲपवर आले असेल, तर ज्या संदेशासोबत आले तो संदेश, पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. गप्पांमधली एखादीच सोयीची ओळ कापून लावू नका. पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून छापा आणि महत्त्वाच्या ओळींना समासात खूण करा. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३(४) चे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडा. आयोगाचे काम संक्षिप्त पद्धतीने चालते, तिथे पुराव्याचे नियम न्यायालयाइतके काटेकोर नसतात, पण प्रमाणपत्र असले की संदेशांवरचा आक्षेप टिकत नाही. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका.

दुसरा खड्डा रोखीचा. समजा ९०,००० आणि ६०,००० यूपीआयने गेले आणि उरलेले ३५,००० रोख, बिनपावतीचे. बिलही दीड लाखाचेच. अशा वेळी बँकेच्या उताऱ्यावर त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी काढलेली रक्कम दाखवा आणि दुकानदाराचा ‘हिशेब पूर्ण झाला’ अशा अर्थाचा संदेश शोधा. दोन्ही नसतील तर रोख दिल्याचे शपथेवर लिहा, पण परतावा मागताना सिद्ध होणारी रक्कम वेगळी मांडा. आकडा फुगवला की बाकीच्या कागदांवरचाही विश्वास कमी होतो.

आता वस्तूचा दोष. नुसत्या फुगलेल्या दाराचा फोटो पुरत नाही, कारण समोरचा म्हणणार, ‘सिंक गळत होते, आमचा दोष नाही.’ म्हणून कापलेल्या कडेचा जवळून फोटो घ्या. प्लायमध्ये एकावर एक थर दिसतात, एमडीएफमध्ये दिसत नाहीत. मागची न रंगवलेली बाजू पाहा, प्रमाणित प्लायवर आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. प्लंबरकडून सिंकचे कनेक्शन तपासून त्याचा तारखेसह लेखी दाखला घ्या. जाणत्या सुताराने पाहणी करून जे लिहून दिले, त्याचे शपथपत्र करून घ्या. आणि दुरुस्ती करावीच लागली तरी काढलेले एक दार कोरड्या जागी जपून ठेवा. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याची फी आधी तक्रारदाराकडून भरून घेतली जाते. नमुनाच फेकून दिला असेल तर काय पाठवणार?

दाखल करण्याआधीची नोटीस

कायद्याने ती सक्तीची नाही, तरी पाठवा. एका पानात व्यवहार, दोष, मागणी आणि पंधरा दिवसांची मुदत एवढेच. शिव्या, धमक्या, ‘बदनामी करीन’ असले काही नको, कारण हेच पत्र पुढे आयोगासमोर जाणार आहे. स्पीड पोस्टने पाठवा. पोस्टाच्या संकेतस्थळावरची ‘पोहोचले’ ही नोंद दिसताच छापून ठेवा, ती तिथे कायम राहत नाही. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मोठ्या कंपन्यांची बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. मात्र तिथले उत्तर येईपर्यंत दोन वर्षांचे घड्याळ थांबत नाही.

तक्रार कशी लिहायची?

वर आयोगाचे नाव, मग तक्रारदार आणि सामनेवाले यांची नावे-पत्ते, मग क्रमांक दिलेले परिच्छेद. एका परिच्छेदात एकच घटना आणि शेवटी तिचा कागद. असे:

‘४. सामनेवाल्याने दि. ०२/०२/२०२५ रोजीच्या कोटेशनमध्ये सर्व कॅबिनेट आयएस ७१० दर्जाच्या प्लायवूडमध्ये करून देण्याचे मान्य केले. (कागद क्र. १)
५. तक्रारदाराने दि. ०५/०२/२०२५ रोजी रु. ९०,०००/- यूपीआयद्वारे दिले. (कागद क्र. २)
६. दि. २२/०७/२०२५ रोजी सिंकखालील दोन्ही दारे फुगल्याचे तक्रारदाराने फोटोंसह सामनेवाल्यास कळवले. (कागद क्र. ५ व ६)’

‘विश्वासघात’, ‘लुबाडणूक’ असे शब्द जितके कमी तितके चांगले. त्याऐवजी नेमके कायद्यातले शब्द वापरा: वस्तूत दोष, सेवेत त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा. ठरलेल्या दर्जाऐवजी हलका माल लावणे यात दोषही आहे आणि अनुचित प्रथाही. घटनांनंतर चार परिच्छेद विसरू नका: तक्रारीचे कारण केव्हा घडले, तक्रार मुदतीत कशी आहे, आयोगाला हद्द आणि रकमेचा अधिकार कसा आहे, आणि याच विषयावर दुसरीकडे कुठे प्रकरण चालू नाही.

शेवटी मागणी. आयोग साधारणपणे मागितले त्याच्या बाहेर जात नाही, म्हणून ती पायरीपायरीने लिहा. आधी मुख्य मागणी, म्हणजे कॅबिनेट ठरलेल्या दर्जात बदलून द्यावीत. ते न झाल्यास रक्कम दिल्याच्या तारखेपासून व्याजासह परत मिळावी. मग मानसिक त्रासाची भरपाई, मग तक्रारीचा खर्च, आणि ‘आयोगास योग्य वाटेल तो अन्य आदेश’. व्याजाचा दर आकड्यात लिहा, ९ टक्के मागणे वाजवी ठरते. १,८५,००० च्या कामाला मानसिक त्रासापोटी दहा लाख मागू नका. पंचवीस हजार मागून त्याची कारणे दिली तर काहीतरी हाती लागते.

संचाचा क्रम असा ठेवा: अनुक्रमणिका, तारखांचा गोषवारा, तक्रार, शपथपत्र, कागदयादी आणि यादीप्रमाणे झेरॉक्स. प्रत्येक पानाला क्रमांक, प्रत्येक झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’ आणि सही. शपथपत्र नोटरीसमोर करा. नियमाप्रमाणे तीन संच लागतात, सामनेवाले एकाहून अधिक असतील तर प्रत्येकामागे आणखी एक, आणि स्वतःसाठी तंतोतंत तसाच एक. झेरॉक्स फिकी असेल तर कार्यालय त्रुटी काढून परत देते. मूळ कागद जमा करू नका, सुनावणीला जवळ ठेवा. ऑनलाइन दाखल करायचे तर १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे पोर्टल आहे. तिथेही हाच संच पीडीएफमध्ये लागतो. दाखल झाल्यावर पोर्टल अधूनमधून उघडून पाहा. छाननीत त्रुटी निघाली आणि ती दुरुस्त केली नाही तर प्रकरण तिथेच पडून राहते.

तारखांना काय होते?

पहिली सुनावणी तक्रार दाखल करून घ्यायची की नाही यावर. आयोग विचारतो त्या तीन गोष्टी दोन मिनिटांत सांगता आल्या पाहिजेत: तुम्ही ग्राहक कसे, मुदतीत कसे, या हद्दीत कसे. तुमचे ऐकल्याशिवाय तक्रार फेटाळता येत नाही.

मग नोटीस निघते. आयोगाने परवानगी दिली तर ‘हमदस्त’, म्हणजे नोटीस स्वतःच्या हाती, घेऊन ती तुम्ही स्वतः बजावू शकता. पाकीट परत आले तर त्यावरचा शेरा वाचा. ‘घेण्यास नकार’ असेल तर बजावणी झाली असे धरता येते, तसे बजावणीचे शपथपत्र द्या. ‘पत्ता अपूर्ण’ किंवा ‘सोडून गेले’ असेल तर नवा पत्ता शोधून द्यावा लागतो.

नोटीस मिळाल्यापासून सामनेवाल्याला म्हणणे (लेखी उत्तर) द्यायला ३० दिवस, आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. त्यापुढे एकही दिवस नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हे स्पष्ट केले आहे. ४५ दिवस उलटून गेले आणि समोरचा वकील पुन्हा मुदत मागत असेल, तर नम्रपणे उभे राहून ही मर्यादा सांगा आणि ‘विना म्हणणे’ पुढे चालवण्याचा लेखी अर्ज द्या. तोंडी विनंती रोजनाम्यात, म्हणजे त्या तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत, येईलच असे नाही.

म्हणणे आले की ते परिच्छेद-परिच्छेद वाचा. त्यात नवे काय सांगितले आहे तेवढेच शोधा. उदाहरणात ‘सिंक गळत होते’ हे नवे आहे. त्याला पुराव्याच्या शपथपत्रात उत्तर द्या आणि प्लंबरचा दाखला दाखवा. नवे काहीच नसेल तर ‘तक्रार, शपथपत्र व दाखल कागदपत्रे हाच माझा पुरावा समजावा’ अशी पुरसीस (लेखी निवेदन) दिली की पुढची पायरी गाठता येते. नंतर लेखी युक्तिवाद, तीन-चार पानांचा, प्रत्येक मुद्द्यापुढे कागद क्रमांक. तोंडी युक्तिवादाला हेच पान हातात ठेवून बोला. प्रत्यक्ष जाणे अवघड असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणीसाठी अर्ज करता येतो.

कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी कितीतरी जास्त वेळ लागतो, त्याची मनाची तयारी ठेवा. पण एकही तारीख बुडवू नका. तुम्ही गैरहजर राहिलात तर तुमच्या पश्चात निर्णय होऊ शकतो. दर तारखेला रोजनाम्यात काय लिहिले आणि पुढची तारीख कोणती, ते त्याच दिवशी वहीत उतरवा.

मध्येच तडजोडीचा निरोप आला तर रक्कम खात्यात जमा झाल्यावरच तक्रार मिटल्याची पुरसीस द्या. धनादेश हातात पडला म्हणून सही करून मोकळे होऊ नका. हप्त्यांवर ठरले तर तडजोडीच्या अटी लेखी आयोगासमोर दाखल करून त्याप्रमाणे आदेश घ्या, म्हणजे हप्ता चुकला तरी वसुलीचा मार्ग राहतो.

आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रमाणित प्रत विनामूल्य मिळते. राज्य आयोगाकडे अपील करायला दोन्ही बाजूंना ४५ दिवस असतात, आणि सामनेवाल्याने अपील केले तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्याने अपीलही केले नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर त्याच जिल्हा आयोगात दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करा. कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते, मालमत्ता आणि बँक खाते जप्त करता येते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. या कलमाखाली समन्स आणि मग वॉरंट निघाले की बरेच दुकानदार पैसे घेऊन येतात.

जप्तीसाठी मात्र खाते कुठले ते तुम्हालाच सांगावे लागते. ज्या यूपीआय व्यवहाराने ९०,००० दिले, त्याच्या तपशिलात पैसे घेणाऱ्याचे नाव आणि यूपीआय आयडी असतो, काही ॲपमध्ये बँकेचे नावही दिसते. एनईएफटी केले असेल तर खाते क्रमांक आणि शाखेचा कोडच तुमच्याकडे आहे. दरखास्तीत तोच तपशील लिहा.